दोन हजार पाचशे फक्त

वहीच्या मागच्या पानावर मी लिहिलं:
नाताळ. गिऱ्हाईकं नऊ. रुपये दोन हजार पाचशे फक्त.
चेकवर 'फक्त' लिहितात
पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून.
इथे वाढवणारं कोणी नव्हतंच.

कुपवाडच्या शेडमध्ये आम्ही चाकं करतो,
दवाखान्यातल्या पलंगांची, औषधांच्या ढकलगाड्यांची.
दिवाळीला सगळ्यांना एकच डबा जायचा,
कोचीच्या कुरियन साहेबांना,
मडगावच्या बोर्जिस बाईंना,
ज्या पैसे वेळेवर देतात आणि पत्राला उत्तर देत नाहीत.
यंदा दस्तगीरचाचा लेथ पुसता पुसता म्हणाले,
"गेल्या पंचवीस डिसेंबरला आपण कुरियन साहेबांना
थकबाकीची आठवण पाठवली होती, ताई."
एवढंच म्हणाले. मग फडकं झटकलं.

पेन बघितले.
आपलंच नाव छापलेलं पेन म्हणजे भेट कसली, पाटी ती.
मुलाम्याची वाटी बघितली, तिसऱ्या धुण्याला खरं बोलणारी.
केक? कोचीला केक धाडायचा
म्हणजे तासगावात जाऊन द्राक्षं विकणं.
भडंगावर मन बसलं होतं खरं,
पण वाटेत चार दिवस. मऊ भडंग पाठवावं
त्यापेक्षा भांडण पाठवावं.

गणपती पेठेत आवटींच्या दुकानात
हळदीनं वजनकाट्याचे आकडेसुद्धा पिवळे.
"साहेबलोकांना द्यायचंय? मग हिरवा बेदाणा घ्या, लांब मण्याचा,
अन् सोबत ही हळद. दुधात टाकली तर घरभर कळतं."
भेट म्हटल्यावर किलोमागे वीस कमी केले,
बोलता बोलता दहा परत घेतले.
एका पुड्याला एकशे नव्वद पडले, फीत धरून.
खोकी चाकांचीच, आतली बाजू बाहेर काढलेली,
म्हणजे 'भार क्षमता ऐंशी किलो' हे अक्षर
आता बेदाण्यांकडे तोंड करून.

चिठ्ठी लिहिताना अडले.
'आपला विश्वास' कापलं. 'दीर्घ संबंध' कापलं.
शेवटी लिहिलं: सण सुखाचा जावो.
चाकाबद्दल काही तक्रार असेल तर ती जानेवारीत.

आठ पुडे कुरिअरला. सातशे वीस.
पोरानं प्रत्येक खोकं हलवून पाहिलं,
कानाशी धरून, नारळ पारखावा तसं.

नववा मिरजेचा.
कुरिअर वाचवायचं म्हणून मीच बसनं गेले.
रूथ आवळे मॅडम, स्टोअरकीपर, अकरा वर्षं ओळख,
दर दिवाळीला आमचा डबा घेऊन
"तुम्हालाही" असं म्हणणाऱ्या.
मला ते 'तुम्हालाही' कधी ऐकूच आलं नव्हतं.

त्यांनी खोकं उघडलं नाही. उलटं केलेलं ओळखलं.
"आत ऐंशी किलो लिहिलंय ना?" म्हणाल्या, आणि हसल्या.
मग ड्रॉवरमधून स्टीलचा डबा काढला,
करंज्या. कडेला तीच मुरड, माझ्या आईच्या हातची वाटावी अशी.
"आमच्यात नाताळला करतात," म्हणाल्या.
मी विचारलं नव्हतं. अकरा वर्षांत विचारलं नव्हतं.

तेवढ्यात वॉर्डाकडून एक पलंग गेला,
कुईं, कुईं, कुईं.
आम्ही दोघी एकदम गप्प.
"सहा नंबर," त्या म्हणाल्या. "डावं मागचं.
म्हटलं सांगू जानेवारीत."

चिठ्ठी त्यांनी वाचली नव्हती अजून.

पाना त्यांच्याच कपाटातला, तेल शिवणयंत्राचं.
पदर खोचून मी फरशीवर बसले,
वरून पलंगावरचे आजोबा वाकून बघत होते,
"काय हरवलंय का हो बाई?"

परतीच्या बसमध्ये हिशेब केला.
सतराशे दहा, सातशे वीस, जाऊन येऊन तिकीट चाळीस.
तीस उरले.
करंजी कुठल्या रकान्यात लिहावी ते कळेना.
हाताला तेल होतं, वहीच्या पानाला लागलं,
'फक्त'च्या पुढे,
बरोब्बर तिथे.